रुपयातले किती आणे बरं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत ज्येष्ठ सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं नाव व्याख्यानासाठी पुकारलं तेव्हा पुष्कळांना वाटलं असणार की मी पुन्हा ठेवी, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांवर बोलणार. ते बोलून झालंय, आणि ज्यांनी अजून नामनिर्देशन केलेलं नाही ते आजही समोर बसलेले मला दिसताहेत. असो. आज तब्येतीवर बोलतो. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, छत्तीस वर्षं बँकेत, त्यातली बरीचशी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाखांत. त्यामुळे कुठलं औषध घ्या, कुठलं सोडा, यावर एक अक्षरही बोलणार नाही. मला बोलायचंय ते डॉक्टर आपल्याला विचारतात त्या एका प्रश्नावर : "आता कसं वाटतंय?" प्रश्न एका ओळीचा, पण पुढची गोळी वाढणार की कमी होणार, ऑपरेशन होणार की टळणार, हे पुष्कळदा आपल्या उत्तरावर ठरतं. आणि उत्तर देताना आपण काय देतो? "बरं आहे." धुळ्याकडचे असलो तर "बरं शे." संपलं.

पूर्वी असं नव्हतं, असं मला वाटतं. तालुक्याच्या एका शाखेत मी होतो, तिथे आमच्या भिंतीला लागून डॉक्टरांचा दवाखाना होता. मधे नुसती लाकडी फळी. पेशंटचं बोलणं आम्हाला कॅश मोजताना ऐकू यायचं. शेतकरी माणूस सांगायचा, "डॉक्टरसाहेब, रुपयातले सहा आणे फरक आहे." पुढच्या आठवड्यात तोच, "आता बारा आणे बरं आहे, चार आणे राहिलंय." आणे १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हापासून कागदावरून गेले, पण दवाखान्यातून गेले नाहीत. आजही खेड्यात ऐकू येतात. हल्लीचे डॉक्टर विचारतात, "शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" आपण गोंधळतो. अहो, गोंधळायचं काय, आपले आजे-पणजे शून्य ते सोळामध्ये सांगतच होते! माप तेच, फक्त मोड बदलली.

आता ही आण्यांची भाषा अडाण्याची म्हणून हसण्यावारी नेऊ नका. जगातल्या मोठमोठ्या वैद्यकीय विद्यापीठांत माणसं आयुष्यभर यावर काम करत आली आहेत. प्रश्न असा आहे : औषध दिलं, रक्ताचा रिपोर्ट थोडा सुधारला, एक्स-रे थोडा सुधारला. पण तो 'थोडा' पेशंटला जाणवला का? किती फरक पडला म्हणजे माणूस स्वतः म्हणतो, "हो, मला बरं वाटतंय"? कॅनडात हॅमिल्टन गावी मॅकमास्टर विद्यापीठ आहे. तिथल्या गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हा प्रश्न नीट मांडला. हृदयाचे आणि फुप्फुसाचे जुने रोगी घेतले. दम किती लागतो, थकवा किती, असे प्रश्न सात पायऱ्यांच्या मापावर विचारले आणि शिवाय सरळ विचारलं, तुम्हाला बदल वाटतो का? तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी अर्ध्या पायरीच्या आसपास फरक पडला की माणसं "थोडं बरं" म्हणू लागत. त्याहून कमी फरक कागदावर दिसला तरी माणसाला तो नसल्यासारखाच.

दुखण्याचंही असंच. २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुनाट दुखण्याच्या दहा वेगवेगळ्या औषध-चाचण्यांमधल्या २,७२४ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली होती. शून्य ते दहाच्या मापावर साधारण दोन अंकांनी, म्हणजे मूळ दुखण्याच्या तीस टक्क्यांनी दुखणं उतरलं की माणसं "पुष्कळ बरं" म्हणायची. तीस टक्के म्हणजे किती हो? रुपयातले पावणेपाच आणे. धरा पाच. त्या फळीपलीकडचा शेतकरी "सहा आणे फरक आहे" म्हणायचा तेव्हा तो उगाच बोलत नव्हता.

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास मात्र चालण्याचा आहे. दम्यासारखा फुप्फुसाचा जुना विकार असलेली माणसं सहा मिनिटांत सपाट जागी किती मीटर चालतात हे मोजायची एक पद्धत आहे. आपल्याकडेही मोठ्या दवाखान्यांत करतात. कॅनडातल्याच संशोधकांनी अशा ११२ रुग्णांना दोघादोघांनी एकमेकांशी गप्पा मारायला बसवलं आणि मग विचारलं, याच्यापेक्षा तुमची चाल बरी की वाईट? १९९७ साली निष्कर्ष छापून आला : दोघांच्या चालण्यात सरासरी ५४ मीटरचा फरक असेल तरच माणूस "मी याच्यापेक्षा थोडा बरा" असं म्हणतो. गंमत बघा, आपल्या जिन्याला तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या आहेत चौपन्न. मी मोजल्यात. बँकेतली खोड.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण या विषयाकडे मी पुस्तकातून नाही, घरातून आलो.

माझे थोरले बंधू धुळ्याला असतात. निवृत्त शिक्षक. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. दर दोन महिन्यांनी दाखवायला जायचे. डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी. ते विचारायचे, "सर, कसं आहे?" दादा म्हणायचे, "बरं आहे." डॉक्टर चालायला लावायचे, हात बघायचे, आणि खरंच बरं असायचं! कारण दवाखान्याची वेळ अकराची आणि दादांची गोळी दहाची. म्हणजे गोळीचा अंमल चढलेला असताना तपासणी. बँकेचं इन्स्पेक्शन आधी कळवून आलं की शाखा जशी चकाचक असते, तसं. गोळ्या त्याच चालू. आणि घरी दुपारी चार वाजता दादांचे पाय मोरीच्या उंबरठ्याशी जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. पाय उचलायचा म्हटला तरी उचलत नसे. एका संध्याकाळी तिथेच पडले. हाड वाचलं हे नशीब. पुतण्याचा फोन आला, "काका, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, आणि बाबा तर पडले."

मी एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला गेलो आणि आठ दिवस राहिलो. एक फुलस्केप वही घेतली आणि रोजकीर्दीसारखे रकाने आखले. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत प्रत्येक अर्ध्या तासाला एक खाना. त्यात तीनच खुणा : चालू, मधलं, बंद. हे काही माझं डोकं नाही. या आजाराच्या संशोधनात रुग्णाकडून अशीच अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद घेतात. माझी भर एवढीच की मी वह्या दोन केल्या. एक दादांची, एक वहिनींची. एकमेकांची बघायची नाही असं बजावलं. वहिनी हसल्या, म्हणाल्या, "भाऊजी, आता या वयात आमची परीक्षा घेता का?"

आठव्या दिवशी ताळमेळ घ्यायला बसलो. सकाळचे खाने जुळले. दुपारचे जुळेनात. दोन ते पाच वाजेपर्यंत वहिनींनी रोज 'बंद' लिहिलेलं आणि दादांनी त्याच वेळी 'चालू' किंवा फार तर 'मधलं'. पुतण्या लगेच म्हणाला, बाबा लपवतात. पण मी दादांना विचारलं तर ते म्हणाले, "अरे, त्या वेळी मी खुर्चीत पेपर वाचत असतो. उठायचं नसतं. मग बंद कसं लिहू?" बघा! ते खोटं बोलत नव्हते. उठायची गरजच पडू नये असा दिवस त्यांनी हळूहळू बेतला होता, आणि त्या बेतलेल्या दिवसात त्यांना सगळं बरंच वाटत होतं.

मग दादांनी वहीच्या शेवटच्या पानावर, मी रकाना आखलाच नव्हता तिथे, बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं. रात्री दीड ते साडेतीन, कूस बदलता येत नाही, पोटऱ्यांत गोळे. हे वहिनींच्या वहीत कुठेच नव्हतं. त्या झोपलेल्या असत, आणि दादा त्यांना उठवत नसत. वहिनी ते पान वाचून बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग आत जाऊन चहा ठेवला.

दोन्ही वह्या घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन-तीन मिनिटं पानं चाळली आणि म्हणाले, "सर, हे मला आधी हवं होतं." त्यांनी दोन गोळ्यांमधलं अंतर कमी केलं. दुपारची गोळी दादा जेवणाबरोबर, वरण-दुधाच्या घासाबरोबर घेत. ती जेवणाआधी घ्यायला सांगितली, कारण या औषधाला शरीरात शिरताना प्रथिनांशी स्पर्धा करावी लागते. रात्रीसाठी वेगळी गोळी दिली. आजार गेला का? नाही, हा जाणारा आजारच नव्हे. पण चार वाजता दादा स्वतः उठून उंबरठा ओलांडू लागले. आता डॉक्टरांनी विचारलं की ते "बरं आहे" म्हणत नाहीत. "आठवड्यात दोनदा अडकलो, रात्री एकदा उठलो," असं सांगतात. शिक्षकच ते. एकदा पद्धत पटली की सोडणार नाहीत.

म्हणून मी म्हणतो, पेशंट काय म्हणतो आणि घरचे काय म्हणतात यात फरक असला की एक खरा नि एक खोटा असं समजू नका. बरेचदा दोघांच्या पासबुकात वेगवेगळ्या नोंदी असतात.

पण पासबुकच कोरं असेल तर? हा प्रश्न मला जास्त गंभीर वाटतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे. गडचिरोलीला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ती 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आली. तक्रार आहे का असं विचारलं तेव्हा ५५ टक्के बायकांनी हो म्हटलं. प्रत्यक्ष तपासलं तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि एकीला सरासरी साडेतीनहून जास्त. त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या किती? फक्त ८ टक्के. म्हणजे "काही नाही, बरी आहे" म्हणणाऱ्यांतही बहुतेक आजारी होत्या. अंगावरचं जाणं, कंबर धरणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं आईने सांगितलेलं, तिला तिच्या आईने. ज्याला आजार असं नावच नाही त्याची तक्रार कुठल्या खात्यात टाकणार?

अमर्त्य सेन यांनीही हे वर्षानुवर्षं मांडलं. २००२ साली त्यांनी लिहिलं की आपल्या देशात सगळ्यात जास्त आयुष्य जगणारी माणसं केरळची, आणि आम्ही आजारी आहोत असं सर्वांत जास्त सांगणारीही केरळचीच. बिहारमध्ये आयुर्मान कमी, आणि आजार सांगण्याचं प्रमाणही कमी. मग बिहारी माणूस जास्त निरोगी झाला का? केरळच्या माणसाला शाळा मिळाली, दवाखाना जवळ मिळाला, त्यामुळे कशाला आजार म्हणायचं ते कळलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी आणखी एक जुना दाखला दिलाय. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्याजवळ सिंगूरला पाहणी झाली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहे किंवा तब्येत बेताची आहे. विधवा बायकांमध्ये असं म्हणणाऱ्या २.५ टक्के. मी हे एकदा घरी वाचून दाखवलं. सौ. म्हणाली, "यात नवल काय? तिला विचारणारं तरी कोण होतं घरात?" यावर मला काही बोलता आलं नाही.

सौ.चा विषय निघालाच आहे तर गुडघ्यांवर येतो. या सभागृहात गुडघ्यांशिवाय भाषण पुरं होणार नाही. हिशेबात आपण यंत्राला घसारा लावतो, दरवर्षी किंमत थोडी कमी धरतो. माणूसही आपल्या शरीराला असा घसारा लावत जातो. आधी जमिनीवर बसणं सुटतं, मग म्हणतो, "आता कोण बसतं जमिनीवर!" मग देवपूजा स्टुलावर, मग बाजार बंद, मग गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणं बंद. प्रत्येक वेळी मोजायचा गजच आखूड होतो, आणि उत्तर तेच राहतं : "वयाच्या मानाने बरं आहे." म्हणून गेल्या वर्षीचा 'बरं' आणि यंदाचा 'बरं' यांची तुलना करता येत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया, दोन्हींवर रुपयाच लिहिलंय ना?

ऑपरेशन झालं की उलटं होतं. माणसाला आजची शिल्लक दिसते, आरंभीची आठवत नाही. "काय फरक पडला?" असं विचारलं तर तो आजच्या अवस्थेवरून मागची अवस्था मनात रचतो. आज गुडघा सुजला असेल तर, "काही उपयोग झाला नाही." इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने यावर उपाय म्हणून २००९ सालापासून गुडघा, खुबा बदलण्याच्या रुग्णांकडून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तीच प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली. बँकेच्या भाषेत, आरंभीची शिल्लक लिहून ठेवली. गुडघ्याची तिकडची एक प्रश्नावली बारा प्रश्नांची आहे : जिना उतरता येतो का, खरेदीला एकटं जाता येतं का, गाडीत बसता-उतरता येतं का. चांगली आहे. पण त्यात मांडी घालून पंगतीला बसता येतं का, हे नाही. सौ.च्या गुडघ्यांचं आम्ही वहीत लिहिलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न तोच होता, आणि दुसरा, चुलीसमोर बसून भरताची वांगी भाजता येतील का. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जमिनीवर बसणं विसरा, जिना मात्र सुधारेल. तिने विचार करून होकार दिला. आज ती जिना न थांबता चढते आणि वांगी गच्चीवर शेगडी उंच ठेवून भाजते. तिच्या मते रुपयातले तेरा आणे. तीन आणे पंगतीचे गेले.

लिहून का ठेवायचं, याला आणखी एक कारण आहे. आठवण सरळ हिशेब ठेवत नाही. १९९६ साली रेडेलमायर आणि काहनेमन या दोघांनी दुर्बिणीने आतड्याची तपासणी होताना रुग्णांना त्याच वेळी, थोड्या थोड्या वेळाने, दुखणं किती ते विचारलं आणि नंतर एकूण कसं गेलं तेही विचारलं. नंतरचं उत्तर तपासणी किती वेळ चालली यावर फारसं अवलंबून नव्हतं. सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि शेवटची काही मिनिटं, यांवरच ठरलं. दोन महिन्यांचं दुखणं आपण डॉक्टरांना सांगतो तेव्हाही तसंच होत असावं. कालची रात्र आणि सगळ्यात वाईट रात्र, बाकीच्या अठ्ठावन्न रात्री गायब.

शब्दांचं मात्र आपल्याला दारिद्र्य नाही. मेल्झॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली दुखण्याची प्रश्नावली केली, त्यात इंग्रजीतले ७८ शब्द वीस गटांत लावले. आपण बसल्या बसल्या किती काढू? ठणका, कळ, चमक, सणक, तिडीक, उसण, ठसठस, भगभग, जळजळ, रग, मुंग्या, पेटके, कणकण, कसकस. ठसठसणं आणि चमकणं यांत डॉक्टरांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. मग तिथे गेल्यावर नुसतं "दुखतं" का म्हणायचं? आणि इंग्रजीत 'पेन' म्हणायची तर काहीच गरज नाही. डॉक्टरही इथलेच आहेत.

आता सोसायटीपुरतं. लिफ्टचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे तीनदा आला आणि तीनदा पुढे ढकलला. दर वेळी वरच्या मजल्यावरची ज्येष्ठ मंडळीच म्हणतात, "आमचं काही अडत नाही, चाललंय." वर्गणी तरुण कुटुंबांवर पडेल हा त्यांचा संकोच मला कळतो. पण कुणाचं किती अडतं हे हात वर करून ठरणार नाही. माझी विनंती एवढीच, की पुढच्या सभेआधी दोन आठवडे प्रत्येकाने लिहावं : आज किती वेळा खाली उतरलो, चढताना कुठल्या वळणावर थांबलो, आणि जिन्यामुळे कुठे जायचं टाळलं. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. घरातल्या दुसऱ्या कुणी तरी वेगळ्या कागदावर तेच लिहावं. नावं जाहीर करणार नाही, फक्त बेरीज सभेपुढे ठेवीन. बेरीज लिफ्टच्या विरुद्ध गेली तर विरुद्ध वाचून दाखवीन, त्याची काळजी नको.

वह्या कार्यालयात ठेवल्या आहेत, ठळक रेघांच्या मागवल्यात. रकाने मी आखून दिले आहेत, आणि शेवटचं पान मुद्दाम कोरं सोडलंय. संध्याकाळी सहा ते सात मी कार्यालयात असतो. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी सांगावं, मी लिहून घेईन. आण्यांत सांगितलं तरी चालेल.